भिंगबाईंनी न लिहिलेलं पुस्तक

कुणी गोड बोललं की भिंगबाई सावध व्हायच्या. कडू बोलणाऱ्याचं त्यांना काही वाटत नसे. तो निदान काही विकायला आलेला नसतो, असं त्यांचं म्हणणं. पण विद्यापीठाच्या जिन्यात कुणी "बाई, आज अगदी फ्रेश दिसताय" म्हणालं, की बाई कठड्याला हात लावून तिथंच थांबायच्या आणि याचं आपल्याकडे काय काम अडलंय याचा विचार करायच्या. सांगायला वाईट वाटतं, पण बहुतेक वेळा काहीतरी अडलेलं असायचंच.

हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. खरं नाव विभागाच्या दारावरच्या पाटीवर होतं आणि ते तिथंच राहिलं. बाई शिकवायच्या तो विषय ऐकायला भारदस्त: उद्योगांची सामाजिक जबाबदारी आणि आंतरराष्ट्रीय विकास. बाईंचा नवरा वर्तमानपत्रात उपसंपादक, लांब मथळे तोडून आखूड करणं हा त्याचा धंदाच. तो पाहुण्यांना सांगायचा, "मोठ्या कंपन्या गरीब लोकांसाठी पुण्य करतात ना, ते खरंच पुण्य आहे का, हे ही जाऊन बघून येते." पाहुणे हसायचे. बाईंना ते भाषांतर मनातून आवडायचं, पण त्या तसं म्हणत नसत, कारण मग नवऱ्याने ते रोज सांगितलं असतं.

हा स्वभाव आला कुठून, याची एक गोष्ट बाई स्वतःच सांगायच्या. त्या शाळेत असताना एका कंपनीने मुलांना दप्तरं वाटली. लाल, चकचकीत, पाठीवर कंपनीचं नाव. मुलांना रांगेत उभं केलं, दप्तरं पाठीला लावली, फोटो काढले. मग एका माणसाने पुन्हा रांगेतून फिरून सगळी दप्तरं काढून घेतली, कारण पुढच्या शाळेतही फोटो काढायचे होते. इतर मुलं रडली. ही मुलगी रडली नाही, ती त्या माणसाच्या मागे गाडीपर्यंत गेली आणि दप्तरं मोजून बघत राहिली. पुढे परदेशात शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत हा विषय का निवडलात असं विचारलं, तेव्हा बाईंनी हीच गोष्ट सांगितली आणि शिष्यवृत्ती खिशात घातली.

कारखान्यात गेल्या की बाई आधी बायकांच्या न्हाणीघरात जायच्या. साबणाची वडी कोरी करकरीत असेल, कोपरे झिजलेले नसतील, तर समजायचं की आपल्यासाठी सकाळीच ठेवलीय. मग व्यवस्थापक कितीही साखर पेरो, बाईंचा चेहरा दगडाचा. कारखान्याचा चहा घ्यायच्या नाहीत. त्यांनी दाखवलेल्या खोलीत बसायच्या नाहीत, खोली स्वतः निवडायच्या. आणि कंपनीने दिलेला दुभाषी तर मुळीच नाही. दुभाषी त्यांची स्वतःची होती.

ही दुभाषी मूळची डोंगरातली. पूर्वी ती सरकारी दवाखान्यात डोंगराकडून आलेल्या बायकांची दुखणी डॉक्टरांना समजावून सांगायची. बूट शिवायच्या कारखान्यांत डोंगरातल्याच बायका असायच्या, आणि त्यांची बोली बाईंना येत नव्हती. म्हणून पहिल्या पुस्तकाच्या वेळी बाईंनी हिला गाठलं, आणि तेव्हापासून जिथं बाई तिथं ती. गाडीत दोघी शेजारी झोपायच्या, एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. सबंध जगात बाई ज्या माणसाला पुन्हा तपासून बघत नसत, ते माणूस म्हणजे ही.

त्या पहिल्या पुस्तकानेच बाईंना बाई केलं. एका बूट कारखान्यातल्या जुलमाची हकिकत होती ती. नाव कुणाचंच घातलं नव्हतं, बाई त्या बाबतीत काटेकोर. पण लिहायची हातोटी मोठी: सुरुवातीलाच छपरावरची गळकी हिरवी टाकी, तिच्या पाण्याने भिंतीवर उतरलेला शेवाळाचा पट्टा, असं वर्णन की वाचणारा तिथं जाऊन उभा राहावा. बूट विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीतला कुणीतरी असाच उभा राहिला असावा, कारण टाकी ओळखली गेली आणि कंपनीने त्या कारखान्याशी संबंध तोडले. विद्यापीठाच्या बढतीच्या अर्जात "संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम" असा एक रकाना असतो. बाईंनी त्यात हे लिहिलं. बढती मिळाली, बक्षीस मिळालं, देशोदेशीच्या सभांची बोलावणी आली. एका कंपनीने सल्लागार म्हणून बोलावून बघितलं, दुसरीने संशोधनाला देणगी देऊ केली. बाईंनी दोघींनाही दारातूनच परत पाठवलं. घर भाड्याचं, गाडी जुनी. इस्टेट म्हणाल तर एकच होती. ही बाई विकत मिळत नाही, हे नाव.

आता विभागात नवं अध्यासन, म्हणजे मानाचं प्राध्यापकपद, निघणार होतं, जबाबदार उद्योगाचं. ते बाईंनाच मिळणार हे शिपायालाही माहीत होतं, फक्त एक नवा दणदणीत अभ्यास हवा होता. विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे मागून साखरसाहेब म्हणत, खांद्यावर हात ठेवून तसं सांगितलं. खांद्यावर हात आला म्हणून बाई आठवडाभर अस्वस्थ होत्या, पण अभ्यास सुरू केला.

कारखाना निवडला तोही बुटांचाच. आणि तिथं बाईंना काही सापडेना. साबण झिजलेला. पंखे चालू. मशीनवरच्या बायका मान वर करून बघायच्या, हसायच्या, पुन्हा कामाला लागायच्या. खोकी ठेवायच्या खोलीत बाईंनी मुलाखती सुरू केल्या, तर उत्तरं सगळ्यांची एकच. पगार वेळेवर मिळतो. मुकादम ओरडत नाही. त्रास काही नाही. पहिलीने सांगितलं तेव्हा बाईंना बरं वाटलं, तिसरीला शंकेची पाल चुकचुकली, आणि दिवस संपेपर्यंत बाईंची खात्री झाली की इथं पाणी मुरतंय. माणसं खरं बोलतात तेव्हा अडखळतात, घोळ घालतात. ही तर पोपटपंची होती.

आधी संशय व्यवस्थापकावर गेला. तोच शिकवून पाठवत असणार. पण मग बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही दिसेचना. बूट शिवणारी बाई हातवारे करत मोठं थोरलं काही सांगायची, मध्ये दाराकडे बोट करायची, डोळे पुसायची. आणि दुभाषी बाईंकडे वळून म्हणायची, "त्रास काही नाही म्हणते."

बाईंनी विचारलं, एवढंच म्हणाली? दुभाषी म्हणाली, आमच्या बोलीत पाल्हाळ फार.

झालं. त्या रात्री जेवताना त्या घास चावायच्या विसरत होत्या. मग एकेक आठवायला लागलं. दुभाषीला त्या कारखान्यात न्हाणीघर कुठं आहे ते विचारावं लागलं नव्हतं. व्यवस्थापकाशी ती फाटकापाशी हसून बोलली होती. चौकशी केल्यावर कळलं की तिची सख्खी भाची तिथंच कामाला लागलीय, आणि हे तिने बाईंना सांगितलं नव्हतं. सगळं जुळत होतं. हिलाही विकत घेतलं होतं. बाईंनी कंपन्यांचा राग आयुष्यभर केला होता, पण तो कामाचा राग होता, त्याने झोप जात नाही. हा राग वेगळा होता. रडू येईल असा.

मुलाखती ध्वनिमुद्रित केलेल्या होत्या. त्या बाहेर कुणालाही ऐकवायच्या नाहीत असा नियम होता, आणि तो विद्यापीठासाठी बाईंनीच लिहिला होता. रविवारी नवरा कामावर गेल्यावर बाईंनी तो मोडला. घरात डोंगराची बोली येणारं एक माणूस होतं, गेल्या वर्षीच गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. त्यांचं लहानपण तिकडचं. मुलाला त्यांनी ती बोली शिकवली नाही, कारण शिकवली असती तर ज्या बोलीत त्या स्वतःच्या नवऱ्याला शिव्या द्यायच्या, ती मुलाला कळली असती.

सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत ऐकत होत्या. ऐकता ऐकता हात थांबले. मग त्या चक्क हसल्या.

"अगं, तुला टाकीवाली म्हणतात."

बाईंना अर्थ लागेना. सासूबाईंनी पुन्हा ऐकलं आणि सावकाश सांगायला लागल्या. ही बाई म्हणतेय, मागचं दार कामाच्या वेळात बाहेरून कुलूप लावून बंद असतं. तळ चिकटवायच्या सोल्युशनचे डबे पुढच्या दारापाशी. काडी पडली तर आत भाजून मरू, रोज मुलांचं तोंड बघून निघते. पण हे हिला सांगू नको. ही टाकीवाली आहे. ही लिहिते, मग कंपनी निघून जाते, मग आपण रस्त्यावर.

"आणि ही दुसरी, माझी दुभाषी?" बाईंनी विचारलं.

"ती म्हणतेय, नाही सांगत. नेहमीसारखंच सांगते." सासूबाईंनी शेंगांची परात बाजूला सारली. "फसवतेय ती तुला. पण पैसे खाऊन नाही."

दुसऱ्या दिवशी बाई कारखान्यात गेल्या. दुभाषी सोबत होती. जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या खोलीत चार-पाच बायका डबे उघडून बसल्या होत्या, त्यांच्यात वरचं चामडं शिवणारी एक वयस्क मावशी, सगळ्या तिचंच ऐकायच्या. बाईंनी दार लोटलं आणि दुभाषीला म्हणाल्या, "दाराच्या कुलपाचं मला कळलंय. तू मला का नाही सांगितलंस?"

दुभाषी खोकं सरकवून त्यावर बसली. घाबरली नाही, उलट पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखी दिसली. "सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं."

"लिहायलाच हवं ना ते."

"त्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी सगळं सांगितलं मी तुम्हाला. एक शब्द गाळला नव्हता."

बाई म्हणाल्या, त्या वेळी त्या लोकांची बाजू जगापुढे आली. मावशीने दुभाषीला विचारलं, काय म्हणतेय. दुभाषीने सांगितलं. मावशीने डब्याचं झाकण लावलं, बाईंकडे नीट बघितलं आणि बोलली, आणि या वेळी दुभाषीने एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"ती म्हणते, तुमचं पुस्तक आम्ही वाचलेलं नाही बाई. आम्ही त्यात होतो."

मग बाकीचं हळूहळू कळलं. टाकीच्या कारखान्याची ऑर्डर गेली, तो बंद पडला, उरलेल्या पगाराचा हिशेबसुद्धा न होता बायका घरी गेल्या. एकीने मुलगी शाळेतून काढली, एकीचा नवरा तिला सोडून गेला. या मावशीला पुन्हा काम मिळायला किती वणवण करावी लागली ते तिने सांगितलं नाही, फक्त हात झटकला. आणि बाई त्या काळात कुठं होत्या? बाई सभांमधून टाकीचं वर्णन वाचून दाखवत होत्या. परत एकदाही गेल्या नव्हत्या. जाऊन करायचं काय, अभ्यास संपला होता. त्यांच्या धंद्यात पुस्तक निघाल्यावर परत जायची रीतच नाही, आणि हे आपल्याला कधी विचित्र वाटलं नाही, याची बाईंना तिथं त्या खोक्यांमध्ये एवढी लाज वाटली की खाली बघवेना आणि वरही बघवेना.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

मावशीचं उत्तर तयार होतं. कुलूप काढायला लावा. लिहू नका. कुणाला सांगू नका. दुभाषीने मध्येच तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, आणि मावशी म्हणाली, नवऱ्यालाही नाही, तो पेपरवाला आहे ना.

आता यातली मेख बघा. मालकाला दम द्यायचा, काम करून घ्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच तर होतं. पण गप्प बसण्याचे पैसे मिळतात हे बाईंइतकं कुणाला ठाऊक? अभ्यास मध्येच सोडलेल्या माणसांची नावं त्या वर्गात उदाहरणादाखल घ्यायच्या आणि म्हणायच्या, विचारा, का थांबला. आपलं गप्प बसणं आणि विकलं जाणं यातला फरक बाहेरून बघणाऱ्याला कसा दिसणार? दिसणारच नव्हता. बाईंना हे लख्ख कळत होतं. तरी त्या हो म्हणाल्या, आणि मावशीचा विश्वास बसला नाही, तिने तसं तोंडावर सांगितलं.

व्यवस्थापकाकडे सगळ्या मिळून गेल्या. तो म्हणाला, बूट चोरीला जातात म्हणून कुलूप. बाई म्हणाल्या, कुलूप काढा, आतून उघडणारी कडी बसवा, मी अभ्यास बंद करते. व्यवस्थापकाने त्यांच्याकडे संशयाने बघितलं. गोड बोलायचं विसरून त्याने सरळच विचारलं, "आणि तुम्हाला काय हवं?" काही नको म्हटल्यावर तर तो फारच घाबरला. संध्याकाळच्या आत सुतार आला. कडी बसेपर्यंत बाई तिथं उभ्या राहिल्या, मग स्वतः ती आतून काढून, दार ढकलून, बाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन आल्या. दुभाषीची भाची त्या दाराजवळच्या मशीनवर बसायची. पुन्हा कुलूप दिसलं तर ती मावशीला सांगणार होती आणि दुभाषी बाईंना.

परतताना गाडीत दोघी शेजारीच बसल्या, पण कुणी कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलं नाही. बाईंनी विचारलं, मधल्या पुस्तकांमध्ये तू आणखी काय काय गाळलंस? दुभाषी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ज्यांना भीती नव्हती, त्यांचं काही नाही." बाईंना त्या पुस्तकांची सगळी पानं आठवायला लागली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

विभागात बातमी पोचायला वेळ लागला नाही. भिंगबाईंनी अभ्यास सोडला. कारण विचारलं तर म्हणतात, वैयक्तिक. अध्यासन दुसऱ्याला गेलं, त्याचं बाईंना फारसं काही वाटलं नाही. निदान त्या तसं स्वतःला सांगत होत्या. वाटलं ते साखरसाहेबांच्या बोलण्याचं. त्यांनी बाईंना खोलीत बोलावून स्वतःच्या हाताने खुर्ची ओढून दिली आणि म्हणाले, "शेवटी तुम्हीसुद्धा समंजस झालात. बरं केलंत. आम्ही कधीच झालो." एवढा आपलेपणा त्यांच्या आवाजात यापूर्वी नव्हता. त्यांनी बाईंना आपल्यात घेतलं होतं. बाईंच्या जिभेवर कारखान्याचं, कुलपाचं सगळं आलं, आणि त्यांनी ते गिळलं. एक शब्द बाहेर पडला असता तर या कारखान्याचे बूट घेणाऱ्या परदेशी कंपनीपर्यंत दोन दिवसांत गेला असता. वर्गातही विद्यार्थी आता त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले होते. ती नजर बाईंनीच शिकवली होती, त्यामुळे चुकीची म्हणायची सोय नव्हती.

आणि त्यातच एका संध्याकाळी घरी फुलं आली. भलामोठा गुच्छ. परदेशी कंपनीने पाठवलेला, सोबत सल्लागार मंडळावर येण्याचं सविनय निमंत्रण. अभ्यास थांबल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्यांनी त्याचा अर्थ त्यांच्या रीतीने लावला होता. बाईंनी निमंत्रण फाडलं. फुलं केराच्या टोपलीत मावत नव्हती, दांडे मोडून कोंबावी लागली. ते करत असतानाच नवरा कामावरून आला.

तो हात-पाय धुऊन आला, जेवायच्या टेबलापाशी बसला, टोपलीतून वर आलेल्या पाकळ्यांकडे बघत राहिला. सासूबाई समोरच होत्या. नवऱ्याने मीठ घेतलं, परत ठेवलं. गेल्या कित्येक दिवसांपासून त्याच्या मनात काय घोळतंय हे बाईंना कळत होतं, आणि त्याने ते विचारू नये म्हणून त्या रोज काहीतरी काम काढून उठत होत्या.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "पण मला तरी खरं सांग. त्यांनी काही दिलं का तुला?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, आणि सासूबाईंनी घास तोंडात टाकून ते बंद केलं. या माणसाच्या पोटात काही राहत नाही हे त्यांनाही माहीत होतं, त्यांचाच मुलगा.

बाईंना ओरडावंसं वाटलं. या घरात बावीस वर्षं एकत्र राहून हे विचारतोस? पण त्याच्या जागी त्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं? पहिल्याच दिवशी विचारलं असतं. गुच्छाची पावती मागितली असती.

"काही नाही दिलं," त्या म्हणाल्या. "कारण सांगता येत नाही. विश्वास ठेव माझ्यावर."

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय म्हणालो. प्रत्येक कारखान्याच्या प्रत्येक व्यवस्थापकाने त्यांना नेमकं हेच सांगितलं होतं, याच आवाजात, असंच डोळ्याला डोळा भिडवून, आणि बाईंनी एकाचंही कधी मानलं नव्हतं.

नवऱ्याने पुन्हा मीठ घेतलं.

"ठीक आहे," तो म्हणाला, "नाही विचारत," आणि ताट जवळ ओढून जेवायला लागला. त्याचा विश्वास बसला नव्हता. बाईंना ते लगेच ओळखता आलं.